अमेरिकेवर चिडलेले रतनशेठ

रतनशेठ मावळत्या सूर्यावरसुद्धा ओरडतात. वारूळवाडीत माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच त्यांचं भांड्यांचं दुकान. जैन माणूस, सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही. संध्याकाळ झाली की गिऱ्हाईकाच्या हातातला कुकर काढून घेतात. "उद्या या, राव! तो बघा, चालला!"

माझ्या भावाच्या लग्नात पुढाऱ्याचं भाषण लांबलं, तेव्हा यांनी सरळ माईक हिसकावला. "तुमी नंतर बोला. सूर्य काय तुमच्यासाठी थांबनार नाय!" आमची अब्रू गेली ती गेलीच. वर पंगत बसेपर्यंत अंधार पडला म्हणून हे न जेवताच निघून गेले. असा राग आला होता मला!

आईविना वाढलेली त्यांची एकुलती एक मुलगी प्रेक्षा. ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका ख्रिस्ती कॉलेजात गेली, तीही तिथला इतिहास आणि संस्कृती शिकायला. आमच्याकडची पोरं तिकडे कॉम्प्युटरसाठी जातात. कुणी हटकलं की शेठ अंगावर येत. "तिथं रोज प्रार्थना व्हते. तुमच्या पोरांनी कधी हात जोडलेत का?"

पण खुद्द अमेरिकेवर त्यांचा भयंकर राग. रोज सकाळी, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, दुकान झाडताना फोन स्पीकरवर. पोरगी त्या दिवशी शिकलेलं सांगणार आणि हे भांडणार. करावर चिडून लोकांनी जहाजातला चहा समुद्रात फेकला, हे ऐकून ते संतापले. "कर भरू नका, पन मालाची नासाडी कशापायी?" आभार मानायच्या सणाला टर्की कापतात म्हटल्यावर तर विचारूच नका. "उपकार देवाचे आनि मान पक्ष्याची?" सबंध बाजारपेठेची सकाळ या माणसाने नासवली आहे.

डिसेंबरात मात्र पोरीचा आवाज बारीक झाला. तिकडे साडेचारलाच अंधार पडतो आणि तिचे तास सुटतात साडेपाचला. बापाचा नेम तिने सोडला नव्हता. दुपारी जेवली की थेट दुसऱ्या सकाळी. एक दिवस म्हणाली, "पप्पा, आज वर्गात चक्कर येऊन पडले."

शटर उघडता उघडता मीच भडकलो.

"शेठ, जीव जाईल पोरीचा! नेम सोड म्हणून सांगा तिला!"

"तुमी मधी पडू नका!" ते खेकसले. झाडू टाकून ते रस्त्यावर आले आणि पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. समोरच्या घरांमागून ऊन नुकतंच वर येत होतं.

"प्रेक्षा, व्हिडिओ चालू कर," ते ओरडले, पण आवाज चिरकला. त्यांनी फोन उन्हासमोर धरला. "दिसतोय का? तुझा मावळला तर मावळू दे. हितं बापाचा उगवलाय. ह्याच्यावर जेव."

पलीकडे पोरगी रडत होती.

"रडू नगं. ताट घे. सावकाश जेव, मी हाय हितं उभा."