दोन फुग्यांची गैरवर्तणूक

आमच्या सातवीतल्या लेकीचे दोन फुगे शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातून बाद होण्याच्या बेतात होते, त्याची ही हकीकत.

प्रयोग साधा. काठीला दोन फुगे वीतभर अंतरावर टांगायचे आणि मधून जोरात फुंकर मारायची. शाळेचा नियम असा, की प्रयोगाचा निष्कर्ष प्रयोगाच्या पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात, पालकांच्या सहीने सादर करावा. मी बावीस वर्षं कचेरीत काढली आहेत. रकाना रिकामा सोडणं माझ्या रक्तात नाही. 'फुगे एकमेकांपासून लांब जातील,' असं ठोकून दिलं. फुंकर मारल्यावर दुसरं काय होणार, सांगा बरं?

फुगे जवळ आले. चक्क एकमेकांना जाऊन चिकटले. लेकीने दहादा फुंकून पाहिलं, दहाही वेळा तेच. तिचं म्हणणं, हवा जोरात वाहते तिथला दाब कमी होतो, म्हणून बाहेरची हवा फुग्यांना आत ढकलते. पुस्तकात चित्रासकट दिलंय. मी म्हटलं, पुस्तकावर माझी सही नाही.

विज्ञानाच्या बाईंनी प्रयोग 'सदोष' ठरवून दोषनिवारण समिती नेमली. समितीने आधी फुगे बदलले, मग दोरा, मग काठी. काही फरक नाही. तेव्हा 'फुंकणारी व्यक्ती अप्रशिक्षित' असा शेरा मारून खेळाच्या सरांना पाचारण करण्यात आलं. सरांनी छाती भरून अशी फुंकर घातली की फुगे धाडकन एकमेकांवर आदळले. नोंद झाली: 'फुग्यांचा असहकार कायम.'

निष्कर्ष बदलायची सोय होती, नाही असं नाही. पालकाने 'चूक माझी' असा एका ओळीचा अर्ज द्यायचा. नाहीतर प्रकल्प बाद. लेक कोरा कागद घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"बाबा, एकच ओळ लिहायचीय. मला माझा खरा प्रयोग दाखवायचाय."

पेनाचं टोपण काढलंही, खोटं कशाला बोलू. पण बावीस वर्षांत माझी एकही नोंद खोडली गेलेली नाही. मी तिला समजावलं, की हवेचं काय, आज अशी वाहते, उद्या तशी. कागद मात्र कायमचा असतो. तिचे डोळे भरून आले. मी चष्मा पुसत बसलो.

शेवटी समितीनेच तोडगा काढला. फुग्यांना बाहेरच्या बाजूंनी बारीक दोरे बांधायचे आणि फुंकर मारताच टेबलाखालून पायाने ओढायचे. प्रदर्शनात लेकीने फुंकलं, पायाने ओढलं, फुगे शिस्तीत लांब गेले. पालकांची रांग 'बरोबर, असंच होतं' म्हणत माना डोलावत पुढे सरकली.

परीक्षकांनी कौतुकाने विचारलं, बाळ, हे असं का झालं?

"बाबांनी तसं लिहून दिलंय म्हणून," लेक म्हणाली.

परीक्षकांनी नमुना उघडला. निष्कर्ष निरीक्षणाशी तंतोतंत जुळत होता. पहिला क्रमांक दिला. सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या. घरी आल्यावर लेकीने प्रमाणपत्र माझ्या हातात ठेवलं.

"घ्या, तुमचंच आहे," म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

तुम्ही हसताय. हसा खुशाल. फक्त तुमच्या बैठकीतल्या भिंतीवर पोराच्या नावाचं जे प्रमाणपत्र टांगलंय, ते नक्की कोणाचं आहे, हे एकदा त्यालाच विचारा.