यानाचं दार

टीव्हीवरच्या अंतराळवीराला अहिराणीतून झापणारा माणूस मी एकच पाहिला: आमच्या समोरच्या फ्लॅटमधले बापू. "मूळ गोष्टमा असं नही शे!" हे त्यांचं पालुपद.

जुन्या विज्ञानकथांवरची एक मालिका सध्या चालू आहे. दर रविवारी संध्याकाळी नवी कथा. बापूंनी आयुष्यभर नामपूरला कांद्याचा व्यापार केला, त्यामुळे कथांचीही ते तशीच प्रतवारी करतात. फसलेली कथा 'गोल्टी', म्हणजे बारीक माल. जमलेली 'उन्हाळ', कांदा साठवायच्या चाळीत महिनोन्‌महिने टिकणारी. मी भाजी, इस्त्री, सोमवारची तयारी सगळं उरकून त्यांच्याकडे जाऊन बसते.

एकदा विचारलंच, "बापू, तुमच्या हातात पुस्तक कधी दिसलं नाही. मूळ गोष्टी वाचल्या केव्हा?"

"वाचतंय कोण? बाईनं सांगितल्या."

बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. शाळेत शिकवायच्या, म्हणून गावासकट नवराही बाईच म्हणतो. संध्याकाळी दोघं चाळीत कांदे निवडायला बसत आणि बाई मासिकातली कथा सांगत. शेवटची अर्धीच राहिली. दूरच्या ग्रहावर एकटी उरलेली म्हातारी, कित्येक वर्षांनी उतरलेलं यान, उघडणारं दार... "आता उद्या," म्हणून बाई उठल्या. पहाटे अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली ती गेलीच.

"मग ते मासिक शोधू या ना. मी आणते."

"छापील घेऊन काय करू, ताई? ती गोष्ट बाईची शे."

गेल्या रविवारी नेमकी तीच कथा लागली. बापूंनी बाईंची चाकांची खुर्ची टीव्हीसमोर आणली. त्या दिवशी अंतराळवीरांना एक शब्द बोलले नाहीत. यान उतरलं, दार हललं, आणि बापूंनी आपली खुर्ची गर्रकन फिरवली. टीव्हीकडे पाठ, बाईंकडे तोंड.

"अहो बापू, शेवट आलाय!"

"दिसतोय मला. गप बसा."

बाईंचे डोळे विस्फारले. मग चेहऱ्याची हलणारी बाजू हळूहळू उजळत गेली, गळ्यातून हसण्यासारखा आवाज आला. बापू मान पुढे काढून हुंकार देत होते, "हां... हां... मग?" पडद्यावर अख्खा ग्रह प्रकाशानं भरला होता, पण माझं तिकडे लक्ष राहीना. इकडे जे चाललं होतं, ते मी जन्मात पाहिलं नव्हतं.

यानातून कोण उतरलं, ते मात्र मला ओझरतं दिसलं होतं. मालिका संपल्यावर सांगायला गेले, तर त्यांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या, ताई. आत्ताच तर सांगितलं बाईनं."