जुनी कवळी, नवा ड्रायव्हर

"रविवारी तुझी आई या खोलीत गाणार आहे," असं दाजींनी लेकीला फोनवर छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा तिची आई शेजारीच कांदा चिरत बसली होती. तिने सुरी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे बघितलं. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला तो गेलाच. उरली होती नुसती कुजबूज, आणि तीही समोरचा गप्प असेल तरच ऐकू येणारी. दाजी समोर असताना हा योग क्वचितच यायचा.

दाजी म्हणजे खरं तर मेहुण्याचे दाजी, पण तो इतक्या मोठ्याने हाक मारायचा की गल्लीभर तेच नाव झालं. त्यांच्या बायकोला तो ताई म्हणायचा, म्हणून आपणही ताईच म्हणू. दाजींचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे आणि दाजी मागच्या खोलीत बसून त्यावरून कवळी घडवायचे, घासायचे, पुन्हा घासायचे. केसाएवढी फट राहिली तरी त्यांना चैन पडायचं नाही. हात सोन्याचे होते, तोंड मात्र दिवसभर चालू.

ताई एके काळी गायच्या. जाहीर कार्यक्रम वगैरे नाहीत, पण घरी माणसं जमली की त्यांना गायला लावल्याशिवाय कोणी उठत नसे. लग्नानंतर दाजींनी एकदा त्यांचं गाणं कॅसेटवर घेतलं होतं. पुढे संसारात गाणं मागे पडलं आणि लेकीने आईला धड गाताना कधी ऐकलंच नाही. कॅसेट लावली की आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा यायचा आणि मागे सतत घरघर. टेपच खराब आहे, असं दाजींचं निदान होतं.

मग दाजींना अपसॅम्पलिंगचा शोध लागला. कॉम्प्युटरमधला आवाज म्हणजे नुसते ठिपके असतात आणि दोन ठिपक्यांच्या मधे हिशेबाने नवे ठिपके भरता येतात, हे कळल्यावर ते खुर्चीतून उठलेच. फटी भरायच्या! हे तर आपलंच काम. मेहुण्याचा गेम खेळायचा जुना, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर त्यांनी मागून आणला, कारण त्यात दणकट ग्राफिक्स कार्ड होतं आणि ठिपक्यांचं एवढं गणित त्यालाच झेपणार होतं.

"दाजी, आधीच सांगून ठेवतो," मेहुणा म्हणाला, "टेपवर जे नाही ते यातून येणार नाही."

"आणि जे आहे ते?"

"ते येईल. सगळंच येईल."

दाजींनी यातलं निम्मंच ऐकलं.

गाणं कॉम्प्युटरवर उतरलं आणि लगेच टेपरेकॉर्डरने कॅसेट गिळली. टेप कात्रीने कापून बाहेर काढावी लागली. म्हणजे ताईंचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, कॉम्प्युटरच्या त्या जुन्या डब्यात. अशा वेळी कोणालाही आधी दुसरी प्रत करून ठेवायचं सुचलं असतं. दाजींना ड्रायव्हर सुचला. कॅसेटचं त्यांनी ताईंना सांगितलं नाही. तुकडे कवळ्यांच्या चुऱ्यात टाकून दिले आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

ड्रायव्हर म्हणजे कार्डाकडून काम करून घेणारा मुकादम. लिनक्सबरोबर आलेला मुकादम सज्जन होता, पण कार्डाकडून फक्त चित्रं काढून घ्यायचा. गणिताचं नाव काढलं की गाणं अडखळायचं. कार्डाच्या कंपनीचा स्वतःचा मुकादम गणितही करून घ्यायचा, पण त्याच्याही आवृत्त्या अनेक, आणि सगळ्यात ताजी या म्हाताऱ्या कार्डाला ओळखच दाखवत नव्हती.

"कंपनीची मागची आवृत्ती घ्या," मेहुण्याने फोनवर बजावलं. "पण आत्ताचा ड्रायव्हर आधी बाजूला करा. मग दुसरा बसवा. दोन्ही एकदम नकोत."

दाजी हो म्हणाले. पण कवळीच्या धंद्यात त्यांचा एकच कडक नियम होता. नवी तोंडात नीट बसल्याशिवाय जुनी काढून घ्यायची नाही. माणूस बोडक्या तोंडाने घरी जाता कामा नये. त्यातून आता आत ताईंचा आवाज. कार्ड घटकाभर तरी उघडं ठेवायचं म्हणजे काय? त्यांचा हात काही धजेना. त्यांनी जुना तसाच ठेवला, नवा वर बसवला आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला. एका तोंडात दोन कवळ्या! पडदा काळा पडला.

"काय दिसतंय?" मेहुण्याने फोनवर विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"काळं आहे. मधे माझं तोंड दिसतंय."

"जुना काढला होता ना, दाजी?"

दाजींनी त्याच्या तब्येतीची चौकशी केली.

मग मेहुणा एकेक अक्षर सांगत गेला आणि दाजी त्याचं सांगून होण्याआधीच पुढचं टाइप करत गेले. शेवटी कॉम्प्युटर सुरूही होईना. "आता हात लावू नका," मेहुणा थकून म्हणाला. "मी येतो रविवारी."

"गाणं तर गेलं नाही ना रे?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू?"

त्यानंतर दाजी कामाला बसायचे, पण घासायचं यंत्र हातात तसंच फिरत राहायचं. एक वरची कवळी त्यांनी घासून घासून वायाच घालवली. ताईंनी हे बघितलं. त्या जवळ येऊन कुजबुजल्या, "कॅसेट काढा. जुन्या टेपवरच लावू."

"टेपवर काय मजा," दाजी म्हणाले आणि उगाच खोकले. ताईंनी पुन्हा विचारलं नाही, आणि त्याचाच दाजींना जास्त त्रास झाला.

रविवारी लेक आली. मेहुणा आला. त्याने दोन्ही मुकादम हाकलले आणि एकच परत आणला. पडद्यावरची अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी झाली, पण गाणं शाबूत होतं. दाजी होते तिथेच खाली बसले. मात्र गणित सुरू झालं तसा कार्डाचा पंखा असा घोंगावायला लागला की शेजारच्या माणसाचं बोलणं कळेना. शेवटी बाथरूममध्ये बादली पालथी घालून तिच्यावर कॉम्प्युटर ठेवला, स्पीकरच्या वायरी दाराखालून बाहेर आणल्या आणि मेहुणा आतच बसला.

"हे जे तुम्ही ऐकणार आहात," दाजींनी सुरुवात केली, "ते नुसतं गाणं नाही..."

"बाबा, लावू द्या ना मामाला," लेक म्हणाली.

आणि ताई गायला लागल्या. विहीर नाही, तळ नाही. स्वच्छ, भरलेला, तरुण आवाज, अगदी दारात उभं राहून गावं तसा. लेकीचे डोळे भरून आले. दाजींनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघितलं, आणि तेवढ्यात मागची घरघरही स्वच्छ झाली.

"हा माईक साधा नाही बरं का," घरघर म्हणाली. "आता ती वर जाईल, तेव्हा रेकॉर्डरची सुई बघ. बघ, बघ. गेली की नाही? ही वायर मी स्वतः जोडलीय."

कडवं संपलं, पुढचं सुरू झालं. घरघर काही थांबली नाही.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "हे तुम्ही आहात?"

दाजींचे कान लाल झाले. टेप खराब नव्हतीच. ताईंचे खांदे हलत होते. हसताहेत की रडताहेत, ते आवाजावरून कळायची सोय राहिली नव्हती.

"मला तेव्हाही ऐकू येत होतं," त्या कुजबुजल्या. मग लेकीला खूण केली. मामाला सांग, पुन्हा लाव. आणि दाजींना समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

दाजी बसले. गाणं पहिल्यापासून सुरू झालं, आणि स्वतःच्या बडबडीच्या पलीकडे कान लावून ते ऐकायला लागले. दुसरं कडवं आपण आज पहिल्यांदाच ऐकतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. एवढं सुंदर गात होती ती, आणि आपण सुई बघत होतो. त्यांना फार वाईट वाटलं. आता कोणाला म्हणायचं, पुन्हा गा म्हणून?

शेवटची ओळ यायची होती. बाथरूममधून फट् असा आवाज आला, पाठोपाठ जळका वास आला आणि स्पीकर मुके झाले. पंखाही थांबला. कितीतरी दिवसांत घर इतकं शांत झालं नव्हतं.

त्या शांततेत ताईंचे ओठ हलले. सूर नव्हता, नुसता श्वास होता. पण राहिलेली ओळ त्या शेवटपर्यंत म्हणत होत्या. दाजी खुर्चीच्या कडेला सरकले आणि त्यांनी कान पुढे केला.

बाथरूमचं दार उघडलं. "दाजी, गाणं आहे, पण कार्ड जळालं. आता दुसरं घ्यायचं तर ड्रायव्हर..."

"गप्प बस जरा," दाजी म्हणाले.

हे वाक्य त्या घरात आजवर त्यांनी फक्त ऐकलं होतं.