कोच येतात, कोच म्हणतात

बायकोला जरासं जळवावं, एवढाच माझा बेत होता. पाप नाही हो त्यात. मी नोकरीतून रिटायर झालो आणि तिनं माझ्याशी बोलण्यातून रिटायरमेंट घेतली. दिवसभर शिलाई मशीनवर मान घालून बसते. जगबुडी आली म्हणालो तरी उत्तर एकच, "हं."

त्यात डॉक्टरांनी गुडघ्यासाठी पोहायला सांगितलं. आमचा कोच म्हणजे झुपकेदार मिशांचा रेडा. पण हे घरी सांगतो कोण? मी ठरवलं, कोच बाई की बुवा, ते कळूच द्यायचं नाही. खोटं बोलायचं नाही, खरं फक्त अर्धवट बोलायचं. (उभा जन्म इलेक्ट्रिशियनचं काम केलं. कुठली वायर उघडी ठेवायची ते मला बरोबर कळतं.)

"कोच फार मायेनं शिकवतात," मी म्हणालो. "पाठीखाली हात धरून तरंगवतात."

मशीन थांबलं! माझं काळीज टुणकन उडालं. तिनं बॉबिन बदललं. मशीन सुरू.

आणि आपली भाषा तरी काय, नुसती चुगलखोर! येतात, म्हणतात, शिकवतात, इथवर झाकली मूठ. पण कालची गोष्ट सांगायला जावं तर 'आले' की 'आल्या'? 'हसले' की 'हसल्या'? प्रत्येक शब्दाच्या शेपटाला मिशी नाहीतर वेणी लटकलेलीच. कुणी करून ठेवलंय हे? पुरता वैतागलो. शेवटी युक्ती काढली. शेपूट आलं की खोकायचं.

"काल कोच मला बघून ह... खॉक् खॉक्! मग जवळ आ... खॉक्!"

तिनं मान वर केली. म्हटलं, लागली आग! ती उठली, कपाटातून बाटली काढली आणि कडूजहर औषधाचा चमचा माझ्या नरड्यात ओतला. पुढे जितकं कालचं बोललो तितके चमचे प्यायलो. गप्प बसावं तर जळवणार कसं?

शेवटी तीच उसळली. "त्या कोचना मीच भेटते आज!"

मी मनातल्या मनात शिट्टी मारली.

मी पाण्यात उताणा, पाठीखाली कोचचा हात, आणि काठावर ही, काखेत पर्स. तिनं कोचला मिशांपासून खालपर्यंत न्याहाळलं. आता दचकेल, आता दचकेल... छे!

"अहो, पाण्यामुळे ह्यांना खोकला लागलाय."

"काकांना? इथं तर ह्यांच्या तोंडाचा रेडिओ अखंड चालू असतो, काकू. खोकला कधी ऐकला नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. सांगणं भाग होतं. "अगं, तुला वाटावं कोच बाई आहे, म्हणून..."

"बुवा आहे ते पहिल्याच दिवशी कळलं मला. बाई असती तर आल्या-गेल्या करत अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेतली असतीत!"

"मग आलीस कशाला?"

"खोकला खरा वाटला मला!" तिचा आवाज चिरकला. "रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही माझ्या."

मी गार. (पाण्यात होतोच, तरी.) अरे, जळण्यापेक्षा हे कितीतरी भारी! माझ्या तोंडावर असं काही हसू फुटलं की विचारू नका. तिनं ते नेमकं हेरलं.

"किती दिवस शिकवताय हो ह्यांना?"

"महिना होईल."

"आणि अजून धरूनच? सोडा की!"

"सोडू, काकू?"

"अगं, थांब, मी काय म्हणतो—"

कोचनं हात काढून घेतला. पुढचं वाक्य मी पाण्याखाली बोललो, त्यामुळे ते इथं देता येत नाही.