सदतीस बाद कौलांची बखर

श्रीशारदा समर्थ. अक्षरास नमन, कानामात्रेस नमन, आणि ज्या कानास ऱ्हस्वदीर्घ वेगळे ऐकू येत नाही त्या कानास सर्वांआधी नमन. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी सेवकास एक पत्र आले. त्यास उत्तर गेले नाही. आठ मास गेले नाही. पत्र का आले आणि उत्तर का राहिले ही हकीकत दुसऱ्या कोणी लिहिली तर तो सेवकाच्या वयाकडे पाहून सांभाळून घेईल, म्हणून सेवक स्वतःच लिहितो.

संगणकावर एक दौलत होती. तीस किल्ला नाही, कोट नाही, तसूभर भूमी नाही. चारशे-पाचशे मराठी माणसे आपापल्या गावी, आपापल्या खुर्चीत बसून एका चावडीवर लिहीत, तीच दौलत. कोणी मराठीसाठी सॉफ्टवेअर करून फुकट वाटावे, कोणी वापरावे, कोणी नावे ठेवावी, असा कारभार. दौलतीचे धनी नीलकंठराव सबनीस, वय चाळीस, बोलणे मऊ. सेवक चिटणीस. सेवकाचा जन्म छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेला, आणि चारचौघांत बोलावयास जीभ वळत नसे, म्हणून न दिसणाऱ्या माणसांची ही चावडी मानवली. दर दिवाळीस रयतेने कौल द्यावा आणि एका सॉफ्टवेअरास मानाचे वस्त्र मिळावे असा रिवाज होता. वस्त्र म्हणजे रेशमी नव्हे. दौलतीतील बारा जाणते प्रोग्रॅमर वर्षभर त्या सॉफ्टवेअरच्या चाकरीस राहत, तेच वस्त्र. एकट्याच्या कामास बारा जणांचे हात मिळाले म्हणजे ते तगे. न मिळाले म्हणजे लोकांचे फोन बदलत, संगणक बदलत, आणि ते मागे राहून एके दिवशी बंद पडे.

आदल्या साली बटन दाबून कौल घेतले, तेव्हा कोणी एकाने चाळीस खोटी नावे उभी केली आणि चाळीस वेळा बटन दाबले, आणि बोभाटा जाहला. मग नीलकंठराव म्हणाले, "काका, काहीतरी तोड काढा." मग सेवकाने तोड काढिली की, ज्याने त्याने सॉफ्टवेअरचे नाव आपल्या हाताने लिहावे आणि शुद्ध लिहावे, भाडोत्री माणूस घाईत असतो, तो ऱ्हस्वदीर्घ चुकेल आणि आपोआप पकडला जाईल. यावर कोल्हापूरकडील एक गडी चावडीवर बोलिला, "चिटणीसकाका, हा कौल हाय का दहावीचा पेपर? काठावर पास करा की!" सेवकाने लिहिले, "काठावर पास नाही." रयत हसली, आणि सेवकास अंमळ भूषण वाटले.

त्या साली अखेरीस दोनच उरले. एक 'अचूक', जे शुद्धलेखन तपासते; त्यातील शब्दांची यादी सेवकाने स्वतः नजरेखालून घातली होती, आणि ही गोष्ट कोणी विचारली नाही म्हणून सेवकाने सांगितली नाही. दुसरे 'चाहूल', जे पडद्यावरील मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवते; ते मिरजेच्या फिरोज मुजावर यांनी एकट्याने केले होते, आणि दृष्टी नसलेली माणसे त्यावर चावडी ऐकत आणि चावडीवर लिहीत. कौल मोजले. अचूक एकशे बारा, चाहूल चौऱ्याण्णव, बाद सदतीस. बादांची यादी सेवकापाशी आली, आणि सेवकाने वाचली. सदतीसच्या सदतीस कौलांत एकच शब्द होता: चाहुल. हू दीर्घ पाहिजे, तो ऱ्हस्व. ही खोटी माणसे नव्हेत, ही कानाने लिहिणारी माणसे आहेत, हे सेवकास त्याच क्षणी कळले. कळले नाही असे लिहिता आले असते तर बरे होते. मग सेवकाने यादीच्या शेजारी 'नियमाप्रमाणे' असे लिहिले, आणि अचूकास वस्त्रे जाहली.

मग पत्र आले. लिहिणार वत्सलाबाई केंद्रे, परभणीकडील अंधशाळेत भूगोल शिकवणाऱ्या. त्या लिहितात: "चिटणीस साहेबांना नमस्कार. आमच्या शाळेतुन सदतीस जणांनि कौल दिला, तो कुठे गेला ते कळवावे. चाहुल नव्या फोनवर चालत नाहि. जुने फोन मरत आहेत. फिरोजभाउ एकटे पुरे पडत नाहित. उत्तर चावडिवर द्यावे, म्हणजे आम्हा सर्वांना ऐकु येईल." सेवकाने ते पत्र छापून घेतले, आणि जन्माची खोड, तांबडी पेन्सिल घेऊन दुरुस्त केले. ऱ्हस्वदीर्घाच्या आठ चुका. आठही नीट केल्या, आणि पत्र घडी करून शब्दकोशात ठेविले. मग नीलकंठरावांनी दोनदा विचारले, "काका, त्या बाईंच्या पत्राचं काय केलंत?" आणि सेवक दोन्ही वेळा म्हणाला, "पाहतो."

मग शके १९४७, आषाढ मासी सेवकाच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढिला. उजव्या डोळ्यावर पट्टी आली, डावा आधीच अधू, आणि डॉक्टरीणबाईंनी ताकीद दिली, "आजोबा, पंधरा दिवस वाचन बंद. पेपरसुद्धा नाही." दोन दिवस सेवक भिंतीकडे तोंड करून बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी मिरजेस फोन लाविला.

फिरोजभाई म्हणाले, "घाबरू नका, आजोबा. माझ्याकडं सत्तर वर्षांची माणसं शिकलीत. फोन नवा आहे का जुना?"

"जुना."

"नशीब काढलंत! नव्यावर आपली चाहूल बोलत नाही. जपा त्याला, पाण्यात बिण्यात पाडू नका." मग त्यांनी पाऊण तास हे दाबा, ते दाबा करून चाहूल सुरू करून दिली, आणि शेवटी पुसले, "नाव काय म्हणायचं आपलं?"

सेवक म्हणाला, "एक वाचक." आणि फोन ठेविला.

मग सेवकाने चाहुलीस वत्सलाबाईंचे ते पत्र, फोनवर होते तसे मूळचे, वाचावयास सांगितले. ती वाचू लागली. सेवक सवयीने चुकांची वाट पाहत बसला. कुठे शाळेतुन, कुठे ऐकु, कुठे नाहि. पत्र संपले. एकही चूक ऐकू आली नाही. पुन्हा लाविले. पुन्हा नाही. मग चाहूल असे लिहून ऐकले, चाहुल असे लिहून ऐकले, दोन्ही एक. बाई शुद्धच लिहीत होत्या, आणि त्यांना जे ऐकू येत होते ते सदतीस जणांनी इमानाने लिहिले होते. सेवकाने तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त केले ते पत्र नव्हे, ती माणसे.

मग सेवकाने नीलकंठरावांस फोन करून सर्व सांगितले, शब्दांच्या यादीची गोष्टदेखील. ते मग म्हणाले, "काका, आता निकाल फिरवायचा म्हणजे हसं होईल."

"माझे होईल. ते होऊ द्या."

"आणि चिटणिशी?"

"ती उद्यापासून दुसऱ्याकडे."

"दिवाळीला उरलेत तीन महिने," ते म्हणाले. "बारा जणांना आजच मिरजेशी जोडून देतो. पण चावडीवर तुम्ही लिहायचं. तुमच्या हातानं."

मग श्रावण शुद्ध पंचमीस सेवकाने डोळ्यावर पट्टी असता, कानाने ऐकत, चावडीवर उत्तर लिहिले, ते ऐसे: "वत्सलाबाई केंद्रे यांना नमस्कार. आपले सदतीस कौल खरे होते. ते मी वाचले, मला कळले, आणि तरी मी बाद केले. चाहुल जिंकलि होती. आठ महिने उत्तर दीले नाही, याला कारण नाही, लाज आहे. फिरोजभाईंना फोन करणारा वाचक मीच." चावडीवर 'अचूक' चालू होते, आणि त्याने तीन शब्दांखाली तांबड्या रेघा ओढल्या आहेत असे नंतर कोल्हापूरच्या गड्याने कळविले. त्या तशाच ठेविल्या.

एकूण तात्पर्य: बाद कौल सदतीस, त्यांतील चूक एकही नाही, चूक एक, ती चिटणिसाची. उत्तर पाठविले. पुढे नक्कल करणाऱ्याने त्या उत्तरातील ऱ्हस्वदीर्घ सुधारू नये.