लोणी शून्य, सूप एकशे ऐंशी

मेकॅनिकचं डोकं, दोन्ही हात आणि छाती लिफ्टच्या छताबाहेर अंधारात होती आणि पोटापासून खालचा सगळा ऐवज लिफ्टच्या आत लोंबकळत होता. तळमजल्यावर लिफ्टची वाट पाहत उभ्या असलेल्या बाईंनी आधी दम धरला, मग छत्रीच्या टोकाने थोडं ढकलून पाहिलं आणि शेवटी त्याच्याच कंपनीच्या तक्रार विभागाला फोन लावला.

"तुमचा माणूस वर गेलाय," त्या म्हणाल्या, "पण अर्धाच."

बंद पडलेल्या लिफ्टच्या छताची चौकोनी झडप उघडून वर जायचं आणि बिघाड शोधायचा, हे मेकॅनिकचं रोजचं काम. पण झडप होती तेवढीच राहिली होती आणि मेकॅनिक तेवढा राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना गोळा करून नियम सांगितला. "महिनाअखेर परीक्षा घेणार. जो झडपेतून वर जाईल तो लिफ्टवर. जो अडकेल तो टेलिफोनवर. यात कुणाचीही गय नाही."

सगळ्यांनी मेकॅनिककडे पाहिलं. टेलिफोनचं टेबल म्हणजे खिडकी नसलेली खोली आणि दिवसभर लोकांचा त्रागा. मेकॅनिकचा जीव मात्र त्या अंधाऱ्या चौकोनी विहिरीत, तेलाच्या वासात आणि दोरांच्या गुणगुणण्यात अडकलेला. टेलिफोनवर बसायच्या नुसत्या कल्पनेने त्याला भरून आलं. घरी येऊन तो जेवला नाही, ही बातमी इतकी मोठी होती की बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"अहो, त्यात रडण्यासारखं काय आहे?" सगळं ऐकून ती म्हणाली आणि तिने त्याच्या मोबाइलमध्ये खाण्याचा हिशेब ठेवणारं ॲप घातलं. काय खाल्लं ते निवडायचं, ॲप त्याच्या कॅलरी सांगतं. बेरीज हजाराच्या आत हिरवी राहिली तर माणूस बारीक होतोय, वर जाऊन लाल झाली तर संपलं.

"पण यात आईचं वाटाण्याचं सूपच नाही," मेकॅनिक म्हणाला.

"नसेल तर आपण भरायचं. सगळी माहिती लोकांनीच भरलीये यात."

"कुठल्या लोकांनी?"

"मला काय माहीत? तुमच्यामाझ्यासारख्यांनीच."

घरात स्वयंपाक आईचा. तिने उभा जन्म एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढला होता आणि शेकडो आजाऱ्यांना पथ्याचं खाऊ घातलं होतं. तेव्हा हे काम तिचंच. मेकॅनिकने तिच्या मोबाइलमध्ये 'सुगरण' नावाने खातं उघडलं आणि दाखवायला बसला. "आई, इथं पदार्थाचं नाव लिहायचं, पुढच्या चौकटीत आकडा टाकायचा."

"नाव आणि आकडा. इस्पितळात फळ्यावर लिहायचो तसंच की."

"अगदी तसंच," मेकॅनिक म्हणाला आणि तेवढ्यात कुठलीशी लिफ्ट अडकल्याचा फोन आल्याने उठून गेला. कसला आकडा, हे सांगायचं राहिलं. विचारायचं आईला सुचलं नाही, कारण पदार्थापुढचा आकडा कसला असतो हे तिला पक्कं माहीत होतं.

संध्याकाळपर्यंत आईने सगळं स्वयंपाकघर भरून टाकलं. मेकॅनिकने यादी उघडली आणि त्याचा डोळ्यांवर विश्वास बसेना. टोस्ट, दोन. ऑम्लेट, चार. तळलेले बटाटे, सात. लोण्याची बिस्किटं, बारा. केक, चाळीस. लोणी, शून्य. आईस्क्रीम, शून्य. उकडलेलं बीट मात्र पन्नास आणि वाटाण्याचं सूप एकशे ऐंशी.

"अहो, लोणी शून्य कसं असेल?" बायको म्हणाली. "एकदा पडताळून बघा."

मेकॅनिक माणूस शंकेखोर. त्याने फडताळातलं तयार सूपचं पाकीट काढलं, चष्मा लावला आणि मागचं बारीक छापलेलं वाचलं. एकशे ऐंशी. आकड्याला आकडा जुळला. शितावरून भाताची परीक्षा झाली आणि विषय मिटला. शिवाय आनंदाच्या बातमीची उलटतपासणी करू नये, असं त्याचं पहिल्यापासूनचं मत होतं. त्याने टोस्टवर बोटभर लोणी थापलं. बेरीज झाली दोन.

पुढचे काही दिवस असे गेले की असे दिवस स्वर्गात असतात म्हणतात. मग कंपनीतल्या लोकांना वास लागला.

"परीक्षा तोंडावर आलीये आणि हा केक खातोय," काडी म्हणाला. हा मेकॅनिकचा जोडीदार. अंगाने काडीसारखा, म्हणून हे नाव.

"चाळीसच आहे," मेकॅनिकने मोबाइल दाखवला. "आईने भरलंय. इस्पितळातली आहे ती."

वायरमनने मान खाली घालून सगळी यादी वाचली. त्याचं डोकं लगेच तापायचं म्हणून त्याला सगळे फ्यूज म्हणत. "इस्पितळातलं म्हणजे शास्त्रीयच असणार," तो म्हणाला आणि त्याने एक बिस्किट उचललं.

तेव्हापासून मेकॅनिकच्या डब्यावर धाड पडू लागली. काडी लोणी घ्यायचा, फ्यूज बिस्किटं घ्यायचा आणि साहेब पाहणीला आल्यासारखे यायचे आणि केक घेऊन जायचे. परीक्षा त्यांनाही होती, कारण "आधी मी स्वतः जाऊन दाखवणार," असं ते सगळ्यांसमोर बोलून बसले होते. शब्द गेला होता आणि आता तो पाळायला हलकंच खाणं भाग होतं. डब्यात उरायचं ते जड. बीट आणि सूप.

"अरे, बटाट्याचा एक तुकडा तरी ठेवा," मेकॅनिक म्हणायचा.

"तुला काय, घरी मिळतंच," काडी तोंड भरलेलं असताना म्हणायचा.

घरी मिळत नव्हतं. मुलाचा डबा चाटूनपुसून रिकामा येतोय हे पाहून आई भरून पावली होती. रात्रीच्या जेवणालाही ती तेच सूप वाढायची, कारण ते मोठ्या पातेल्यातच करणं बरं पडतं. मेकॅनिक दुपारी एकशे ऐंशीच्या तीन वाट्या, रात्री पुन्हा तीन आणि वर बीट असा रोज लाल रंगात न्हाऊन निघू लागला. बाकीचे तिघं हिरवेगार. साहेबांची एके दिवशीची बेरीज तर सत्तेचाळीस आली आणि त्यांनी ती दारावर चिकटवली.

"अहो, तुमचा पट्टा सैल झालाय," बायको एकदा म्हणाली.

"पट्टा जुना झालाय. ताणला गेला," तो खिन्नपणे म्हणाला. ॲपपुढे पट्ट्याचं कोण ऐकतं? त्याने मनातल्या मनात टेलिफोनवर बोलायचा सराव सुरू केला. 'नमस्कार, आपली काय तक्रार आहे?' एवढं म्हणून झालं की तो मनातल्या मनातच फोन ठेवून द्यायचा.

परीक्षेच्या दिवशी कंपनीतल्या सरावाच्या लिफ्टमध्ये चौघं शिरले. लिफ्ट सहा माणसांची. दार लागलं, लिफ्ट हलायच्या आत घंटा वाजली आणि लाल दिवा लागला. वजन जास्त.

"वजनाचा काटा बिघडलाय," साहेब म्हणाले. "सहा जणांच्या लिफ्टमध्ये चार माणसं, त्यात तिघं बारीक झालेली."

फ्यूजने लिफ्टखालचा काटा काढून नवा बसवला. घंटा वाजली. त्याने तिसरा बसवला. घंटा आणखी उत्साहाने वाजली. फ्यूजचं डोकं तापलं. "ही खेपच खराब आलीये. मी काट्यांच्या कारखान्याला फोन करून चांगलं सुनावतो." आणि त्याने तो फोन खरोखरच केला आणि ऐकणारा नोकरी सोडून जाईल असे चार शब्द सुनावले.

तेवढ्यात आई दारात उभी. मुलाची परीक्षा म्हणून गरम बिस्किटांचा डबा घेऊन आली होती. तिने आत डोकावलं. काडीच्या शर्टाची मधली बटणं लागत नव्हती. साहेबांची हनुवटी नक्की कुठे संपते ते कळत नव्हतं.

"हे कोण?" तिने मुलाला विचारलं. "मागच्या वेळी वेगळी माणसं होती ना?"

साहेबांनी काडीच्या बटणांकडे आणि मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "आई, एक विचारतो. तुम्ही बिस्किटांना बारा लिहिलंय, ते बरोबर आहे ना?"

"बाराच. तेराव्याला करपतात."

"आणि सूप एकशे ऐंशी?"

"तीन तास, मंद आचेवर. त्याआधी वाटाणा बोटाखाली दबत नाही. आमच्या इस्पितळात फळ्यावर लिहिलेलं असायचं, पदार्थ आणि पुढे मिनिटं. नवी माणसं चुकू नयेत म्हणून."

"आणि लोणी..." डब्यातून उचललेलं बिस्किट हातात धरून फ्यूज म्हणाला. "लोणी शून्य?"

"लोणी कोण शिजवतं, बाळा?"

फ्यूजने हातातलं बिस्किट हळूच डब्यात परत ठेवलं. आईला वाटलं, मुलगा लाजतोय, म्हणून तिने त्याच्या हातावर दोन ठेवली.

पण बोललेला शब्द साहेबांना मागे घेता येईना. एकेकाने लिफ्टमध्ये जावं असं ठरलं. आधी ते स्वतः चढले. खांद्यांपर्यंत गेले आणि बाटलीला बूच बसावं तसे बसले. त्यांना उतरवायला इतर तिघं लागले. काडी छातीशी अडकला. फ्यूजने झडपेकडे खालून नुसतं पाहिलं आणि मान हलवली. मग मेकॅनिकची पाळी आली. लाल बेरजा आठवून त्याने डोळे मिटले, हात वर केले आणि सुळ्ळकन वर गेला. बाजूंना हात घालण्याइतकी जागा उरली. वरच्या अंधारात, तेलाच्या वासात तो थोडा वेळ तसाच बसून राहिला, कारण डोळे पुसायचे होते.

नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवसापासून टेलिफोनच्या टेबलाशी साहेब, काडी आणि फ्यूज असे तिघं बसू लागले आणि गावभरच्या लिफ्टवर एकटा मेकॅनिक राहिला. टेलिफोन इतक्या तत्परतेने पूर्वी कधी उचलला गेला नव्हता. मेकॅनिक या इमारतीतून त्या इमारतीत पळत होता, जिने चढत होता, झडपांतून वर-खाली होत होता. जे मागितलं होतं ते देवाने छप्पर फाडून दिलं होतं.

अशाच घाईत एका दुपारी तो एका लिफ्टमध्ये शिरला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. झडप डोक्यावरच होती, पण तिचे बोल्ट काढायचा पाना हत्यारांच्या पिशवीत होता आणि पिशवी तळमजल्यावर राहिली होती. बराच वेळ दार ठोकून झाल्यावर त्याने तक्रार विभागाला फोन लावला. पहिल्या घंटेलाच तो उचलला गेला.

"नमस्कार," साहेब गोड आवाजात म्हणाले. "अजिबात घाबरू नका. आमचा माणूस निघालाय."

"साहेब, तो माणूस मीच आहे."

पलीकडे तिघांची कुजबुज झाली, कागद चाळल्याचा आवाज आला. मग साहेब पुन्हा फोनवर आले. आवाज तसाच गोड होता.

"मग थोडा वेळ लागेल," ते म्हणाले. "तुमच्या आधी चार तक्रारी आहेत."