तारांवरचे कावळे

सुरकुती अगदी एवढीशी होती. दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती. पण तेत्सुजींनी सगळी नोकरी वॉर्ड ऑफिसात लोकांच्या अर्जांतल्या चुका काढण्यात घालवली होती; रिटायर झाल्यावर अशा माणसाला घरात काहीतरी दिसणारच.

सुरकुती होती बायकोच्या रेशमावर. मिसाओ किमोनो रंगवायची. कच्च्या टाक्यांनी जोडलेलं पांढरं रेशीम खोलीत काठीवर पसरलेलं होतं आणि त्यावर निळ्या, केसासारख्या रेघांनी चित्र काढलेलं होतं. फुलं नाहीत, बगळे नाहीत. त्यांच्याच गल्लीतल्या विजेच्या तारा आणि तारांवर कावळे, काठापासून थेट खांद्यापर्यंत. हे कावळे बघत ती हिवाळाभर खिडकीशी उभी होती. (‘‘वारा येतोय, खिडकी लाव,’’ एवढाच तेत्सुजींचा त्या कलाकृतीला हातभार.) आता रेघांवर भाताची खळ घालायची, मग रंग भरायचे. पण त्याआधी, शरदातल्या प्रदर्शनासाठी चित्र पसंत करायला तिच्या गुरू ओकुनोबाई दुसऱ्या दिवशी सकाळी यायच्या होत्या.

मिसाओ ओत्सू गावी बहिणीकडे गेली होती. बायकोला जरा मदत करावी, असं तेत्सुजींच्या मनात आलं. (हे फार क्वचित यायचं. आलं नसतं तर बरं झालं असतं.) त्यांनी इस्त्री तापवली आणि शिस्तीत पाण्याचा फवारा मारला.

सुरकुती गेली. तिच्यासोबत दोन कावळेही गेले.

डाग पडला असेल म्हणून त्यांनी ओल्या फडक्याने टिपलं, तर तिसरा गेला आणि तारही तुटली. त्यांनी ओत्सूला फोन लावला.

‘‘अगं, ते तुझं निळं असतं ना, ते पाण्याने जातं का?’’

‘‘जातं की! म्हणून तर त्याने काढतात. मागे जेवताना सांगितलं होतं मी, तुम्ही ‘छान’ म्हणालात. का हो, शर्टाला लागलं?’’

‘‘हो... शर्टालाच.’’

‘‘मग चांगलं भिजवा. मागमूस राहायचा नाही.’’

मागमूस राहिला नव्हताच. तेत्सुजींनी रेशीम वाळवलं, तिचा कुंचला उचलला आणि गेलेले कावळे परत काढायला बसले. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की ते कावळे कसे होते हे त्यांना आठवतच नव्हतं. एकाने मान वळवलेली होती का? एक पंख झटकत होता का? मिसाओने कितीदा हाक मारून विचारलं होतं, ‘‘कसं वाटतंय?’’ आणि पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले होते, ‘‘छान.’’ पाण्याने पुसण्याआधी आपण हे चित्र एकदाही पाहिलेलं नाही, या विचाराने त्यांना इस्त्रीच्या चटक्यापेक्षा जास्त भाजलं.

तरी त्यांनी कावळे काढले. देवाची करणी, कोंबड्या झाल्या.

संध्याकाळी मिसाओ आली. रेशमासमोर उभी राहिली. तेत्सुजी ओरडा खायला तयार होऊन बसले होते.

‘‘पाणी मारलंत?’’

‘‘थोडंसं. सुरकुती होती गं.’’

ती ओरडली नाही. ‘‘तो मान वळवलेला गेला,’’ एवढंच हळू म्हणाली आणि भात लावायला आत गेली. ओरडली असती तर तेत्सुजींना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ओकुनोबाई आल्या. चष्मा लावून पुष्कळ वेळ बघत राहिल्या. ते कावळे पुन्हा गाठायला आणखी एक हिवाळा लागणार होता, म्हणजे यंदाचं प्रदर्शन हुकलंच. मग कोंबड्यांवर बोट ठेवून त्या हसल्या. ‘‘नातवाचा हात लागलेला दिसतो. असू दे, रागावू नकोस. केवढं आहे गं पोर?’’

मिसाओ चहा ओतत म्हणाली, ‘‘जानेवारीत सदुसष्ट पूर्ण होतील.’’

बाईंनी कोपऱ्यात बसलेल्या तेत्सुजींकडे नीट पाहिलं.

‘‘अरेरे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मग आता हात वळायचा नाही.’’